वसंतराव देशपांडे : उशीर कोणास झाला?

गेल्या गणेशोत्सवात येथील काही महाराष्ट्रीय मंडळी एके सायंकाळी एकत्र जमली आणि 'कट्यार काळजात घुसली' या नाटकातील पदांच्या ध्वनिमुद्रिका सर्वांनी मिळून ऐकल्या. जमलेल्यांत बहुतेक सरकारी नोकर, अथवा नोकरीतून निवृत्त होऊन जबलपुरातच घर करून राहिलेले. गाणे संपल्यावर चहाबरोबर चर्चा सुरू झाली, आणि तीत एकच उद्गार तिघाचौघांच्या तोंडून निरनिराळ्या शब्दांत बाहेर पडला. या माणसाची ऐन उमेदीची दोन तपे कारकुनीत गेली. ती तशी गेली नसती तर केवढे काम झाले असते! हे म्हणताना बोलणाऱ्यांचा स्वर केवळ वसंतरावांविषयीच्या हळहळीचा नव्हता, हे आमच्या ध्यानात आले. ज्याच्या घरी माळ्यावर पेटी धूळ खात पडली आहे, किंवा ज्याने बदलीच्या तिसऱ्या गावी तंबोरा विकून टाकला, असा गृहस्थ आपल्यात विरळा नाही. वसंतरावांची हळहळ करताना आपण थोडीशी आपलीही करून घेत असतो.

ही हळहळ आता सर्वमान्य झाली आहे. १९२२ नव्हे, आपल्याच काळात, २०२२ साली निघालेल्या 'मी वसंतराव' या चित्रपटाने तिला पडद्यावरचे रूपही दिले. निपुण धर्माधिकारी यांनी दिग्दर्शित केलेला आणि वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी आजोबांची भूमिका केलेला हा चित्रपट आम्हांस आवडला, हे आधीच सांगून टाकतो. परंतु कचेरी म्हणजे तुरुंग आणि रंगमंच म्हणजे मुक्ती, असा जो समज तो पाहून उठणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात दृढ होतो, तो आम्हांस तपासून पाहावासा वाटतो. नटाच्या कारकिर्दीचा विचार करताना त्या नटासाठी त्या त्या वेळी रंगभूमी तरी शिल्लक होती काय, हे प्रथम विचारले पाहिजे. तो प्रश्न आमच्या त्या बैठकीत कोणीच विचारला नाही, आम्हीही नाही.

वसंतरावांचा जन्म २ मे १९२० चा, वऱ्हाडातील मूर्तिजापूरचा, बालपण नागपुरातले. म्हणजे ते आपल्याच जुन्या प्रांताचे. त्या वेळी मध्यप्रांत-वऱ्हाड हा एकच सुभा होता, त्याची राजधानी नागपूर होती, आणि आमचे जबलपूर त्याच प्रांतातील दुसरे मोठे शहर होते. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्ये नव्याने आखली गेली आणि उच्च न्यायालय नागपुराहून येथे आले. त्यानंतर नागपूर आणि जबलपूर यांमध्ये जी रेघ पडली ती नकाशावर ठळक दिसते. भाषेत आणि कानात ती इतकी ठळक नाही. या गोष्टीकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

नागपुरात शंकरराव सप्रे यांच्या श्रीराम संगीत विद्यालयात वसंतरावांचे शिक्षण सुरू झाले. सप्रे हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. पुढे चित्रपटसृष्टीत सी. रामचंद्र म्हणून नाव मिळविलेले चितळकर हेही याच शाळेतले. भालजी पेंढारकरांनी या मुलातील चुणूक हेरली आणि १९३५ च्या 'कालियामर्दन' चित्रपटात त्याला कृष्णाची भूमिका दिली. नंतर मामांबरोबर लाहोरला जाणे झाले आणि तेथे असदअली खाँ यांच्याकडे मारवा शिकणे झाले. पुढे पुण्यात किराण्याचे सुरेशबाबू माने, मुंबईत भेंडीबाजार घराण्याचे अमानअली खाँ आणि अंजनीबाई मालपेकर. आणि या सर्वांवर, कानांवाटे रक्तात भिनलेले, मास्टर दीनानाथांचे गाणे. ही यादी आम्ही मुद्दाम दिली. एका दारी बारा वर्षे बसून मिळविलेली ही विद्या नव्हे. हिंदुस्थानी संगीताच्या जुन्या चालीप्रमाणे पाहिले तर अशा गवयाला घराणे नसते, आणि ज्याला घराणे नाही त्याला मैफलीत पहिल्या रांगेचा मान सहसा मिळत नसे. वसंतरावांना तो पुष्कळ वर्षे मिळाला नाही.

आता तो मूळ प्रश्न. वसंतराव लष्करी हिशेब खात्यात कारकून म्हणून लागले त्या सुमारास, म्हणजे १९४० नंतरच्या एकदोन वर्षांत, मराठी संगीत रंगभूमीची स्थिती काय होती? १९३१ साली 'आलम आरा' आला, १९३२ साली 'अयोध्येचा राजा' आला, आणि बोलपटाने नाटक मंडळ्यांचे कंबरडे मोडले. बालगंधर्वांसारखा नटसम्राट, ज्याने १९११ च्या 'मानापमाना'पासून महाराष्ट्राला वेड लावले आणि १९१३ साली स्वतःची गंधर्व नाटक मंडळी उभारली, तो कर्जाच्या डोंगराखाली सापडून १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात उभा राहिला. ज्यांच्या गाण्यावर वसंतरावांचा जीव, त्या दीनानाथांची कहाणी याहून करुण. १९१८ साली स्थापन केलेली बळवंत संगीत मंडळी त्यांनी वैभवाला नेली, 'रणदुंदुभी' आणि 'संन्यस्त खड्ग' गाजविले, पुढे चित्रपटाच्या धंद्यात हात पोळले, मंडळी बुडाली, आणि २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, विपन्नावस्थेत त्यांचा अंत झाला.

वीसबावीस वर्षांच्या गाणाऱ्या तरुणासमोर हे चित्र होते. ज्या दैवताची आराधना करावयाची, त्या दैवताची चिता समोर जळत होती. अशा वेळी महिन्याच्या महिन्याला पगार देणारी खुर्ची पत्करणे यास आम्ही कलेशी केलेली तडजोड म्हणू शकत नाही. ज्या रंगमंचावर त्यांनी जावयास हवे होते असे आपण म्हणतो, त्याच्या फळ्या त्या वेळी मोडकळीस आल्या होत्या आणि पडदे लिलावात निघाले होते. कचेरीने वसंतरावांना रंगभूमीपासून ओढून नेले, हे म्हणणे कालक्रमाला धरून नाही.

यावर कोणी म्हणेल की, मग नोकरीने त्यांचे काहीच बिघडविले नाही काय? बिघडविले, आणि ते लपविण्याचे कारण नाही. पंचविशी-तिशीतील त्यांचा आवाज कसा होता याच्या लांब पल्ल्याच्या मुद्रिका आज आपल्याजवळ जवळजवळ नाहीत. चित्रपटांतील पार्श्वगायन झाले, पु. ल. देशपांडे यांच्या 'गुळाचा गणपती'त १९५३ साली ते गायले. पण तीन मिनिटांच्या गाण्यात या गवयाचा विस्तार कसा मावणार? सायंकाळी कचेरीतून सुटून रात्री मैफल, आणि सकाळी पुन्हा जमाखर्चाच्या खतावण्या, हा क्रम शरीराला किती मानवतो हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. नोकरीच्या उत्तरार्धात त्यांची बदली थेट नेफात झाली. पुण्याच्या गायकाला ईशान्येच्या डोंगरात पाठविण्यात कोणाचा दुष्टावा असण्याचे कारण नाही. बदलीच्या आदेशाला कान नसतात, एवढेच. आमच्यापैकी कित्येकांनी तसे आदेश घेतले आहेत आणि, खरे सांगावयाचे तर, काहींनी काढलेही आहेत.

मात्र एक लाभ असा झाला की ज्याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. गाण्यावर पोट नसल्यामुळे वसंतरावांना कोणाच्याही पसंतीचे गावे लागले नाही. संस्थानिक संपले होते. नवे आश्रयदाते म्हणजे आकाशवाणी, संगीत मंडळे आणि तिकीट काढणारा श्रोता. यांपैकी प्रत्येकाची एक मागणी असते, आणि व्यावसायिक गवई हळूहळू त्या मागणीच्या मापाचा होतो. वसंतराव तसे झाले नाहीत. त्यांची आडवळणाची तान, सुरावरून अचानक घेतलेली झेप, बोलांशी चाललेला जवळजवळ भांडणाचा खेळ, हे सारे बाजाराने घासून गुळगुळीत केलेले नाही. हे दीनानाथांकडून आले हे खरे. परंतु दोन तपे ते तसेच टोकदार राहिले, याचे श्रेय काही अंशी त्या पगाराला द्यावे लागेल. आम्हांस याहून अधिक काही म्हणावयाचे नाही. नोकरीत राहून कला सांभाळता येते असा दिलासा जे यातून काढतात, त्यांच्याशीही आमचे जमत नाही. शेकडा नव्याण्णव जणांची कला त्या खुर्चीत मरते, आणि वसंतरावांची वाचली याचे कारण ती वसंतरावांची होती.

इकडे रंगभूमी पुन्हा सावरू लागली ती १९६० च्या सुमारास. विद्याधर गोखले यांची 'पंडितराज जगन्नाथ' आणि 'सुवर्णतुला' ही नाटके त्याच वर्षी आली. १९६३ साली राम मराठे यांच्या गाण्याने 'मंदारमाला' गाजले. १९६४ साली वसंत कानेटकरांच्या 'मत्स्यगंधा'ला जितेंद्र अभिषेकी यांनी चाली दिल्या आणि नाट्यपदाचे वळणच पालटले. वसंतरावांनी नोकरी सोडली ती याच दशकाच्या मध्यास. १९६७ च्या जुलैत बालगंधर्व गेले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात 'नाट्यसंपदा'ने 'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावर आणले. वसंतराव तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. आता ही वर्षे ओळीने मांडून पाहावीत. रंगभूमी मोडली तेव्हा हा माणूस कचेरीत गेला, आणि ती उभी राहिल्यावर चारपाच वर्षांतच तेथून बाहेर पडून तिच्यावर उभा राहिला. आमच्या मते उशीर वसंतरावांना झाला नाही. तो रंगभूमीला झाला.

'कट्यार' हे पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे नाटक. दारव्हेकर नागपूरचे, तेथील रंजन कलामंदिराचे. संगीत अभिषेकींचे, म्हणजे गोव्याच्या मंगेशीचे. योगायोगाने दीनानाथही त्याच मंगेशीचे. नाटकाचे कथानक वाचकांना ठाऊक असेलच. विश्रामपूरच्या दरबारात राजगायकाच्या पदासाठी होणारी स्पर्धा. पंडितजींना हरवून ते पद, ती हवेली आणि तिच्याबरोबर येणारी, एक खून माफ करणारी कट्यार मिळविणारे खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले. आणि पंडितजींकडे शिकावयाच्या आशेने आलेला पण आता खाँसाहेबांच्याच हवेलीत चोरून विद्या गोळा करणारा सदाशिव. वसंतराव झाले खाँसाहेब, आणि त्यांच्या मुलीच्या, झरीनाच्या, भूमिकेत फैयाज होत्या.

मुंबई-पुण्याच्या समीक्षकांनी या नाटकावर पुष्कळ लिहिले आहे. त्यांत गाण्याची वाखाणणी आहे, घराण्यांच्या वादाची चर्चा आहे. परंतु जी गोष्ट आम्हां जबलपूरकरांच्या कानाला पहिल्या प्रवेशातच जाणवते ती तेथे क्वचितच आढळते. हे सीमेवरच्या माणसांचे नाटक आहे. मराठी नाटकाचा नायक उर्दूच्या वळणाने बोलतो, हिंदी चिजा गातो, आणि तरीही तो परका वा हास्यास्पद वाटत नाही. जुन्या मराठी नाटकांतील मुसलमान पात्राची हिंदी आठवून पाहावी. ती बहुधा हसविण्यासाठी मोडलेली असे. दारव्हेकरांची आणि वसंतरावांची तशी नाही, कारण नागपूरकराला हिंदी ही शिकावी लागत नाही. ती बाजारात, टांग्यात, शेजारच्या ओट्यावर असते. वसंतरावांच्या तोंडी ती जशी येते, त्यात पाठांतराचा वास नाही. सकाळी घरात मराठी, बाहेर पडताच हिंदी, आणि कचेरीत इंग्रजी टिपणे, असे ज्यांचे आयुष्य गेले आहे त्या आपल्या वाचकांस हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. खाँसाहेबांचे मराठी ऐकताना आम्हांस तर गोलबाजारातील एका वृद्ध अत्तरवाल्याची आठवण होते. त्याचे मराठीही असेच होते : व्याकरणाला सोडून, पण अदबीत कोठेही उणे नाही.

अभिनयाविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण वसंतरावांना गायक-नट म्हणताना 'गायक' शब्दावर इतका जोर पडतो की उत्तरार्ध ऐकूच येत नाही. खाँसाहेब हे पात्र वरवर पाहता उर्मट आहे. विद्येचा दरवाजा तो बंद करून बसला आहे. दुसऱ्याच्या कानावर आपला सूर पडू नये इतका तो घराण्याच्या मालकीविषयी दक्ष. गंमत अशी की या भूमिकेत उभा राहिलेला माणूस स्वतः जन्मभर सदाशिव होता. नागपूर, लाहोर, पुणे, मुंबई अशा दारांवरून त्याने विद्या वेचली. घराण्यांच्या पहारेकऱ्यांचे चेहरे त्याने उंबऱ्याबाहेर उभे राहून पाहिले होते. म्हणूनच, असे आम्हांस वाटते, त्यांचा खाँसाहेब निव्वळ खलनायक होत नाही. ज्याला पुष्कळ काळ मान मिळालेला नाही, अशा माणसाला तो मिळाल्यावर तो जसा दोन्ही हातांनी घट्ट धरतो, तसे ते धरणे त्यांच्या बोलण्यात आहे. खाँसाहेबही आधी वर्षानुवर्षे हरलेले आहेत, हे लेखकाने सांगितले आहे. वसंतरावांना ते सांगावे लागत नाही.

याचा उत्तम पुरावा म्हणजे नाटकातील ते पद, जे पंडितजी एका ढंगाने गातात आणि खाँसाहेब दुसऱ्या. शब्द तेच, चाल निराळी. पंडितजींचे सावकाश, शांत, जणू देवघरात बसून म्हटलेले. खाँसाहेबांचे द्रुत, चपळ, समोरच्याला आव्हान देणारे. अभिषेकींनी येथे दोन घराण्यांचा भेद व्याख्यान न देता कानांना दाखविला, ही त्यांची थोरवी. आणि वसंतरावांची ही, की त्या चपळाईत केवळ कसरत उरत नाही. गाणारा माणूस घाईत आहे, त्याला काही सिद्ध करावयाचे आहे, हे तानेतून कळते. अभिनय येथे चेहऱ्यावर शोधू नये. तो गळ्यात आहे.

आता दोषांकडे. 'कट्यार' हे नाटक म्हणून निर्दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही. कथानकात योगायोग फार आहेत, उत्तरार्ध भडक आहे, आणि कविराजाच्या विनोदी प्रवेशांत लेखकाने प्रेक्षकांच्या टाळ्यांकडे अधिक लक्ष दिले आहे. वसंतरावांच्या गाण्याने हे दोष झाकले गेले, आणि काही वेळा वाढलेही. पद रंगात आले की ते प्रसंगाचे बंधन मानीत नसत, असे जुने प्रेक्षक आजही कौतुकाने सांगतात. आम्हांस त्या कौतुकात पूर्णपणे सहभागी होता येत नाही. नाट्यपद ही मैफलीतील चीज नव्हे. दुसऱ्या पात्राला काही सांगावयाचे आहे म्हणून ते गायिले जाते. पदाचा विस्तार पंधरा मिनिटे चालला की समोरचे पात्र हात बांधून उभे राहते आणि नाटक थिजते. हा रोग जुना आहे. 'वन्स मोअर'च्या गजरात आमच्या आजोबांच्या पिढीने तो जोपासला, आणि संगीत नाटक बोलपटापुढे टिकले नाही याचे एक कारण तेही होते. ज्या रोगाने रंगभूमी एकदा मेली, तोच तिच्या पुनर्जन्मात लाडाने पोसला गेला.

दुसरी गोष्ट भूमिकांच्या संख्येची. वसंतरावांनी इतरही नाटके केली, त्यांत कुसुमाग्रजांचे 'वीज म्हणाली धरतीला' आहे. 'अष्टविनायक' (१९७९) या चित्रपटात नायिकेच्या वडिलांची भूमिका करून ते घरोघर पोचले. तथापि नट म्हणून त्यांचे नाव एका भूमिकेवर उभे आहे. बालगंधर्वांनी भामिनी, रुक्मिणी, सिंधू, द्रौपदी अशा स्त्रीरूपांची मालिका उभी केली. त्या मापाने हे माप फार लहान. पण आम्ही येथे मापाला फार महत्त्व देत नाही. बालगंधर्वांसाठी देवल आणि खाडिलकर लिहीत होते, गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा बखले चाली बांधीत होते. वसंतरावांसाठी त्यांच्या गळ्याच्या उंचीचे नाटक एकदाच लिहिले गेले. दुसरे कोणी लिहिले नाही, हा दोष त्यांचा कसा म्हणावा?

३० जुलै १९८३ रोजी पुण्यात वसंतराव गेले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९८२ चा. म्हणजे अगदी शेवटी. नागपुरात त्यांच्या नावाचे सभागृह आहे. सिव्हिल लाइन्समध्ये गेलात तर जरूर पाहावे. २०१५ साली सुबोध भावे यांनी 'कट्यार'चा चित्रपट केला. त्यात खाँसाहेब झाले सचिन पिळगांवकर, जे 'अष्टविनायक'मध्ये वसंतरावांचे जावई शोभले होते. आणि त्यांच्यासाठी गळा दिला राहुल देशपांडे यांनी. चित्रपट देखणा आहे आणि त्याने तरुण पिढीला या गाण्याची गोडी लावली, हे उपकारच. परंतु तेथे चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा. वसंतरावांच्या खाँसाहेबाविषयी आम्ही वर जे म्हटले, की अभिनय गळ्यातच होता, ते अशा वाटणीत साधणे कठीण, मग दोन्ही वाटेकरी कितीही कसलेले असोत.

एक विनंती करून थांबतो. वसंतरावांच्या गाण्यावर आणि नाटकावर लिहिणारे पुष्कळ झाले. त्यांच्या कचेरीतील चोवीस वर्षांविषयी मात्र त्यांच्या मित्रांच्या आठवणींपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. जबलपूर हे तोफगाड्यांच्या कारखान्याचे आणि लष्करी भांडारांचे गाव. संरक्षण हिशेब खात्याची मोठी कचेरी येथे आहे, आणि त्या खात्यात आयुष्य घालविलेले महाराष्ट्रीय येथे आजही आहेत. त्यांपैकी जे आज नव्वदीच्या घरात आहेत, त्यांच्यातील कोणी पुण्यास अथवा नेफात वसंतरावांच्या शेजारच्या टेबलावर बसले असेल, तर त्यांनी, किंवा त्यांच्या वडिलांनी घरी तशा आठवणी सांगितल्या असतील तर मुलांनी, त्या लिहून आमच्याकडे पाठवाव्यात. ते कोणते काम पाहत, दुपारच्या सुट्टीत गात काय, रजेचा अर्ज काय कारण लिहून करीत, एवढे कळले तरी चालेल. हस्ताक्षर कसेही असले तरी हरकत नाही. ते लावून वाचण्याची आम्हांस सवय आहे.